एग्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड हेडमध्येच तुटला आहे: पुढे काय करावे?

निळी सेडान

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मी सुटीच्या दिवशी एका जुन्या सेडानवर काम करत आहे. चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) अशी तिची रचना असून ती दहा वर्षे एकाच जागी झाकून उभी होती. चालू करण्याची घाई न करता मी आधी चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडले, ते दोन दिवस मुरू दिले आणि मग क्रँकच्या पुलीवरील बोल्टाला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते कोठेही न अडता दोन पूर्ण फेरे फिरले, तेव्हा मला फार आनंद झाला.

अडचण पुढे आली. एग्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून पाइपकडे नेणाऱ्या भागाची, गॅस्केट जळालेली दिसली, म्हणून मॅनिफोल्ड उतरवायला घेतला. तो एम८ मापाच्या (८ मिलिमीटर जाडीच्या) आठ स्टडवर, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, बसतो. सहा नट व्यवस्थित सुटले. सातव्या नटाचे कोपरे बारा कोनी रिंग पान्याने गेले आणि आता त्यावर काहीच बसत नाही. आठवा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पडद्याच्या बाजूचा शेवटचा, स्टडसकट तुटला. हेडच्या पृष्ठभागावर त्याचा तीन ते चार मिलिमीटरचा खुंट उरला आहे. लॉकिंग प्लायरने दोनदा पकडून पाहिले, पण प्लायर घसरतो आणि खुंट बारीक होत चालला आहे. माझ्याकडे ड्रिल, ईझी-आउटचा (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलटे फिरवायच्या निमुळत्या हत्यारांचा) संच, हातोडा आणि छोटी ब्लो टॉर्च आहे. ईझी-आउट लावू का? खालच्या पाइपच्या फ्लँजचे बोल्ट मी गाडी जॅकवर उचलून, खाली झोपून काढले आहेत, त्यामुळे तो भाग मोकळा आहे.

जुना पाना

सर्वप्रथम, हातातले सगळे खाली ठेवा आणि आज त्या खुंटाला आणखी हात लावू नका. तीन मिलिमीटर खुंट शिल्लक असणे हे तुमचे भाग्य आहे. प्लायर आणखी दोनदा घसरला तर ते भाग्य संपेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गाडी केवळ जॅकवर असताना तुम्ही तिच्याखाली झोपला होता, असे तुमच्या शेवटच्या वाक्यावरून दिसते. माझा समज चुकीचा असेल तर मला आनंदच होईल.

निळी सेडान

तुमचा समज बरोबर आहे. पुढची दोन्ही चाके जमिनीवर होती, हॅंडब्रेक ओढलेला होता, असे मी म्हणू शकतो, पण घोड्या (उचललेली गाडी पेलून धरणारे स्टँड) लावल्या नव्हत्या.

शांत हातोडा

कृपया यावर थांबा. हायड्रॉलिक जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही. आतल्या एका रबरी सीलवर सगळा भार असतो आणि ते सील फाटताना आधी सूचना देत नाही. गाडीसोबत येणारा कात्री जॅक तर केवळ चाक बदलण्यापुरता असतो आणि जमीन किंचित उताराची असली तरी तो आडवा होतो. कठीण व सपाट जमिनीवर चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, चेसीच्या ठरलेल्या भक्कम जागांखाली घोड्या ठेवाव्यात, गाडी त्यांच्यावर उतरवावी आणि खाली जाण्याआधी ती हातांनी जोराने हलवून पाहावी. काढलेली चाकेही दोन्ही बाजूंच्या उंबऱ्याखाली आडवी सरकवून ठेवावीत. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे कधीही वापरू नयेत, कारण ते भाराखाली एकाएकी फुटतात. मी एकदा जॅक खाली बसताना पाहिला आहे. त्या वेळी गाडीखाली कोणी नव्हते, एवढेच.

निळी सेडान

आजच घोड्यांची जोडी आणली आहे. सर्वांचे मनापासून आभार.

जुना पाना

उत्तम. आता स्टडकडे वळू.

तो का जाम झाला आहे, हे समजले तर काय करायचे ते आपोआप सुचते. लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या फटीत तो तयार होतो, त्याला पसरायला जागा नसते आणि म्हणून तो पाचरीसारखा दाब देतो. तुमच्या हेडमध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना लागून आहेत. ओलावा मिळाला की अशा दोन धातूंत विजेची लहानशी घटमाला तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते. तीही फुगते. अशा पाचरी दोन्ही बाजूंनी ठोकलेल्या असताना केवळ पिळून तो स्टड सुटत नाही. आधी पाचरी मोडायला हव्यात आणि पाचरी मोडतात त्या धक्क्याने आणि उष्णतेने. खुंटावर सरळ, लहान आणि अनेक ठोके द्यावेत, त्याने स्टड वाकता कामा नये. मग आळीपाळीने घट्ट आणि सैल या दोन्ही दिशांना अगदी किंचित हलवावे. एकाच दिशेने वाढत्या जोराने ओढत राहिल्याने तुमचा आठवा स्टड तुटला, असा माझा अंदाज आहे.

मेणाचा दिवा

उष्णतेबद्दल थोडे आकडे देतो, कारण या विषयात लोक उगाच लालबुंद होईपर्यंत तापवतात. पोलाद एका अंशाला आपल्या लांबीच्या दर दहा लाख भागांत साधारण १२ भाग वाढते, अ‍ॅल्युमिनियम साधारण २३ भाग. तुमच्या ८ मिलिमीटरच्या भोकाभोवतालचे हेड आणि आतला स्टड हे दोन्ही १२० अंशांनी तापले तर भोक सुमारे ०.०२२ मिलिमीटरने रुंद होते आणि स्टड सुमारे ०.०१२ मिलिमीटरने जाड होतो. फरक जेमतेम एका शतांश मिलिमीटरचा आहे. तो लहान वाटेल, परंतु गंजाच्या भुकटीची पकड तोडायला एवढा फरक पुरतो. थंड होताना सगळे पुन्हा आक्रसते, आणखी एकदा तापवले की पुन्हा सरकते, आणि या ये-जा करण्यातच आतली भुकटी मोडते. म्हणून एकदा खूप तापवण्यापेक्षा तीन-चारदा बेताने तापवणे अधिक गुणाचे.

ज्योत स्टडवर नव्हे, हेडच्या आजूबाजूच्या धातूवर फिरवा. एक काळजी मात्र घ्यावी लागेल. पोलाद तापले की आधी रंग बदलते आणि आपल्याला इशारा मिळतो. अ‍ॅल्युमिनियम असा कोणताही इशारा न देता वितळते. शुद्ध धातू ६६० अंशांना वितळतो आणि ओतकामाचे मिश्रधातू त्याहून बरेच आधी मऊ पडू लागतात. १५० ते २०० अंशांच्या पुढे जाण्याची गरज नाही. इन्फ्रारेड तापमापक वापरणार असाल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खूप कमी आकडा दाखवतो. तेथे उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका द्यावा आणि त्या ठिपक्यावर मोजावे.

धातू गरम असतानाच खुंटाच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांमध्ये ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. मेण लावताना ज्योत बाजूला ठेवा, कारण अति तापलेले मेण पेट घेते.

आटेमापक

मेणाबद्दल आदर आहे, तरीही मी तेलाच्या पक्षाचा आहे. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समप्रमाणात घ्यावे, दरवेळी जोराने हलवावे (ही दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि स्थिर ठेवली की वेगळी होतात), खुंटाच्या मुळाशी थेंब-थेंब सोडावे आणि रात्रभर ठेवावे. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ असे केल्यास बऱ्याच वेळा ज्योतीची गरजच पडत नाही. मिश्रण रंगावर आणि रबरावर पडू देऊ नये.

मेणाचा दिवा

आटेमापकजी, पाच दिवस वाट पाहण्याची तयारी असेल तर तुमचा पक्षही मला मान्य आहे. पण नव्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहू या. तुमची बाटली आणि माझी ज्योत एकाच दिवशी एकाच इंजिनावर येता कामा नये. अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखाली सुमारे २० अंशांनाही पेट घेऊ शकते आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने इंजिनाच्या खालच्या भागात साचून राहते.

आटेमापक

अगदी खरे. ही ओळ मी आधीच लिहायला हवी होती. ज्योत लावण्याआधी तो भाग पूर्ण कोरडा करावा, कार्ब्युरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावे.

नवशिक्या

मध्येच विचारतो, क्षमा असावी. ईझी-आउट तर याच कामासाठी बनवलेले असते ना? मग सगळे जण त्याविषयी काहीच का बोलत नाहीत?

जुना पाना

प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर स्टड कशामुळे तुटला यावर अवलंबून आहे. एखादा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे तुटला असेल, तर आतला तुकडा जाम नसतो, तो केवळ माथा नसल्यामुळे अडकलेला असतो. तेथे ईझी-आउट सहज काम करतो. मी स्वतः असे तुकडे दोन बोटांनी फिरवून काढले आहेत. पण स्टड जाम असल्यामुळे तुटला असेल, तर हिशेब उलटा होतो. ज्या जोराला ८ मिलिमीटरचा अख्खा स्टड सुटला नाही आणि शेवटी तुटला, तेवढा जोर त्याच्याच पोटात पाडलेल्या भोकात बसणारे ४ मिलिमीटरचे हत्यार कसे सोसेल? शिवाय निमुळता ईझी-आउट आत शिरताना स्टडची पातळ भिंत बाहेर ढकलतो आणि स्टड हेडमध्ये अधिकच घट्ट बसतो.

आणि तो आत तुटला तर? ईझी-आउट कठीण केलेल्या पोलादाचा असतो, साधे हायस्पीड ड्रिल त्याच्यावरून घसरते आणि बाजूच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरते. मग कार्बाइडचे हत्यार लागते किंवा हेड उतरवून स्पार्क इरोजनच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) यंत्राकडे न्यावे लागते. माझ्या पेटीत ईझी-आउटचा संच आहे आणि तो मी वापरतो. पण गंजलेल्या एग्झॉस्ट स्टडसाठी तो मी आजवर बाहेर काढलेला नाही.

लोहारकन्या

मी हे काम व्यवसायाने करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तीन मिलिमीटर खुंट वर आहे म्हटल्यावर माझ्या दृष्टीने योग्य मार्ग एकच आहे आणि तो म्हणजे खुंटावर नट वेल्ड करणे. उष्णता नेमकी स्टडच्या गाभ्यात जाते आणि त्याच वेळी पकडायला नवे, कोपरे असलेले डोके मिळते. मेण आणि ठोके यांच्याबरोबर ही पद्धत वापरली तर जवळजवळ नेहमी यश येते.

खुंट वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. एम८ च्या खुंटावर एम१० चा नट ठेवा, म्हणजे आत वेल्डिंगची तार न्यायला जागा मिळते. नटावर जस्ताचा थर असेल तर तो आधी घासून काढा, कारण जस्ताच्या धुराने ताप आणि थंडी भरते. खुंटाच्या मधोमध मिग वेल्डरने (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डरने) सुरुवात करा आणि मग बाहेरच्या बाजूला सरकत नटाचे भोक भरा. पोलादाचा रस अ‍ॅल्युमिनियमशी एकजीव होत नाही, त्यामुळे थोडा हेडवर सांडला तरी घाबरू नका. लाली गेली की मेण टेकवा, मिनिटभर थांबा आणि मग षट्कोनी सॉकेट लावून पुढे-मागे, पुढे-मागे, अगदी पाच-पाच अंश हलवा. किरकिर ऐकू आली तर तो चांगला आवाज आहे. पहिला नट तुटून येईल, कदाचित दुसराही येईल. त्याने निराश होऊ नका, कारण प्रत्येक वेल्डबरोबर स्टड आणखी एकदा तापून थंड होत असतो आणि तेच आपल्याला हवे आहे.

सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा आणि अल्टरनेटरची जोडणीही सोडवा. वेल्डरचा अर्थिंग क्लॅंप हेडवरच, शक्य तितका जवळ लावा, म्हणजे विद्युतप्रवाह बेअरिंगांमधून जाणार नाही.

आता शेवटची गोष्ट, जी मी प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगते. वेल्डिंगच्या जागेवर ब्रेक क्लीनर वापरू नका. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असते आणि वेल्डिंगची उष्णता व अतिनील प्रकाश यांमुळे त्यापासून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस घरी जाऊन झोपलेला असतो. जागा पुसायची असेल तर साबणाच्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळवा.

निळी सेडान

ताई, ही माहिती मी छापून भिंतीवर लावली आहे. माझ्याकडे वेल्डर नाही, पण एका मित्राकडे मिग आहे आणि तो पुढच्या सुटीला येणार आहे. तोवर रोज ठोके आणि मेण चालू ठेवतो. सातव्या नटाचे काय करू? त्याचा स्टड अजून शाबूत आहे.

शांत हातोडा

सातवा सोपा आहे. पण कोपरे का गेले तेही सांगतो, म्हणजे पुढचे वाचतील. बारा कोनी पाना नटाच्या टोकाजवळ दाब देतो, सहा कोनी सॉकेट सपाट बाजूवर देते. गंजाने नट थोडा बारीक झाला की बारा कोनी पान्याला धरायला टोकच उरत नाही. जाम नटाला नेहमी सहा कोनीच लावावे. आता तुमचा नट १३ मिलिमीटरचा असेल तर १२ मिलिमीटरचे सहा कोनी सॉकेट त्यावर हातोड्याने ठोकून बसवा. ठोकण्याने आतला गंजही हलतो आणि एका कामात दोन कामे होतात. तेही जमले नाही तर नट फोडणारे हत्यार वापरा किंवा नटाची एक बाजू स्टडला समांतर, आट्यांपर्यंत न पोहोचता, करवतीने कापा आणि छिन्नीच्या एका ठोक्याने उघडा. नट गेला तरी चालेल, स्टड वाचला पाहिजे.

आटेमापक

वेल्डिंग यशस्वी होईल अशी आशा आहे, पण ड्रिल करावेच लागले तर काय, हेही येथे असू द्या. एम८ च्या जाड आट्यांचा पिच (दोन आट्यांमधले अंतर) १.२५ मिलिमीटर असतो आणि टॅप करण्याआधीचे भोक ६.८ मिलिमीटरचे असते. याचा अर्थ ६.८ मिलिमीटरचे ड्रिल नेमके मध्यावर गेले तर जुन्या आट्यांमध्ये स्टडची केवळ स्प्रिंगसारखी वेटोळी उरतात आणि ती सुईने ओढून काढता येतात. सगळी अडचण त्या ‘नेमके मध्यावर’ या दोन शब्दांत आहे. मोकळ्या हाताने ड्रिल पोलादावरून घसरून अ‍ॅल्युमिनियमकडे पळते. म्हणून मॅनिफोल्ड पुन्हा जागेवर बसवा, इतर नटांनी आवळा आणि त्याच्या भोकात बाहेरून घट्ट बसणारी, आतून ३ मिलिमीटरची पोलादी नळी लेथवर करून घ्या. ती नळी ड्रिलला वाट दाखवते. डाव्या फिरकीचे ड्रिल मिळाले तर त्याचाच उपयोग करा, कारण अनेकदा भोक पाडता-पाडताच तुकडा सुटून ड्रिलबरोबर बाहेर येतो. आटे गेलेच तर तारेचे इन्सर्ट (नव्या आट्यांचे काम करणारे तारेचे वेटोळे) बसवता येते आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये ते मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते. त्यासाठी संचासोबत आलेलेच ड्रिल आणि टॅप वापरावेत, कारण ते मापाने नेहमीच्या टॅपपेक्षा वेगळे असतात.

नवशिक्या

मला एक जुना टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळण्याचा पाना) मिळाला आहे. क्लिक होतो. तो बरोबर आहे की नाही, हे घरी कसे तपासावे? आणि अशा ठिकाणी टॉर्क पान्याची खरोखर गरज असते का? अनुभवी मंडळी हातानेच आवळताना मी पाहिली आहेत.

आटेमापक

गरज असते. हाताचा अंदाज चांगला होतो, पण तो पान्याची लांबी बदलली की बदलतो. आपण नटावर लावलेल्या जोराचा सुमारे ९० टक्के भाग घर्षणात जातो, निम्मा नटाच्या बैठकीखाली आणि उरलेला आट्यांमध्ये. प्रत्यक्ष स्टड ताणण्यासाठी जेमतेम १० टक्के उरतो. त्यामुळे आट्यांना तेल किंवा ग्रीस लावले तर त्याच टॉर्कवर स्टड कितीतरी अधिक ताणला जातो. पुस्तिकेत कोरड्या आट्यांसाठी आकडा दिला असेल आणि आपण वंगण लावून तोच आकडा वापरला, तर मऊ अ‍ॅल्युमिनियममधले आटे उपटून येऊ शकतात. पुस्तिका काय गृहीत धरते ते आधी वाचावे.

पाना तपासायचा सोपा मार्ग असा. त्याचा चौकोनी दांडा व्हाइसमध्ये धरा, पाना आडवा ठेवा आणि मुठीच्या मध्यावर वजन टांगा. दांड्याच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर असेल आणि वजन १० किलोचे असेल, तर टॉर्क होतो सुमारे ३९ न्यूटन मीटर. पान्याच्या स्वतःच्या वजनाची थोडी भर त्यात पडते. पाना त्या आकड्याच्या आसपास क्लिक झाला पाहिजे. चांगल्या क्लिक पान्याची ठरलेली मर्यादा अधिक-उणे ४ टक्के आहे. फार मोठा फरक असेल तर तो तपासणीला पाठवावा.

काम झाल्यावर तो त्याच्या पट्टीवरील सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा, म्हणजे आतली स्प्रिंग दबलेली राहत नाही. जाम नट सोडवण्यासाठी तो कधीही वापरू नका. आणि पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला, म्हणजे कमाल क्षमतेच्या पाचव्या भागाखाली, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. २०० न्यूटन मीटरच्या पान्याने २२ न्यूटन मीटर मोजू नये, त्यासाठी लहान पाना हवा.

नवशिक्या

माझा पाना २१० पर्यंतचा आहे आणि मी त्याने १५ न्यूटन मीटरचे व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट आवळणार होतो. वाचलो. आभार.

निळी सेडान

मंडळी, निघाला!

सविस्तर लिहितो. सातवा नट हातोडाजींच्या सांगण्याप्रमाणे १२ च्या सॉकेटने पहिल्याच प्रयत्नात सुटला. आठव्यासाठी पाच दिवस मेण आणि ठोके चालू होते. आज मित्र वेल्डर घेऊन आला. पहिला नट हलवताच तुटून आला. दुसरा नट अधिक वेळ टिकला, खुंट केसभर फिरल्याचा भास झाला, आणि मग तोही गेला. तिसऱ्या वेळी आम्ही दोघांनी ठरवून घाई केली नाही. लाली गेल्यावर मेण लावले, पूर्ण पाच मिनिटे थांबलो आणि मग पुढे-मागे सुरू केले. ताईंनी लिहिलेली किरकिर ऐकू आली. पहिला पाव फेरा यायला वीस मिनिटे लागली आणि बाकीचा स्टड दोन मिनिटांत बाहेर आला. हेडमधले आटे शाबूत आहेत. एका जुन्या स्टडला उभी खाच पाडून तोच टॅपसारखा हाताने फिरवला आणि आटे साफ केले, पांढरी भुकटी खूप निघाली.

लोहारकन्या

मन भरून आले. वीस मिनिटे हात आवरून धरणे हे वेल्डिंगपेक्षा अवघड असते. आता आठही स्टड बदला. जुने सात चांगले दिसत असले तरी ते त्याच उष्णतेत आणि त्याच ओलाव्यात तेवढीच वर्षे राहिलेले आहेत. नवे स्टड हेडमध्ये आवळू नका, हाताने तळापर्यंत फिरवून तेथेच थांबा. नट पितळी घ्या. पितळ पोलादाशी गंजून चिकटत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी मॅनिफोल्ड काढणाऱ्याला हा सगळा खटाटोप करावा लागणार नाही.

जुना पाना

अभिनंदन. मॅनिफोल्ड बसवण्याआधी त्याच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (ठरलेल्या जाडीची पातळ पोलादी पाने) घालून पाहा. जुनी गॅस्केट जळण्याचे कारण अनेकदा वाकलेला मॅनिफोल्ड असतो, आणि वाकलेला मॅनिफोल्ड तसाच आवळला तर तो नवे स्टडही तोडेल. नट मधल्यांपासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन टप्प्यांत आवळा.

निळी सेडान

पट्टी ठेवली. शेवटच्या सिलिंडरच्या, म्हणजे नेमके तुटलेल्या स्टडच्या तोंडाशी ०.३ मिलिमीटरचे पान आरपार जात होते. मॅनिफोल्ड सपाट करायला दिला होता, तो काल परत आला. आता कोठेही ०.०५ चे पानही शिरत नाही. नवे स्टड, पितळी नट, नवी गॅस्केट. पुस्तिकेत कोरड्या आट्यांसाठी २२ न्यूटन मीटर दिले आहे, म्हणून आटे कोरडेच ठेवले आणि मित्राच्या लहान टॉर्क पान्याने दोन टप्प्यांत आवळले. जुने पेट्रोल आधीच काढून टाकले होते. आज संध्याकाळी इंजिन चालू केले. चौथ्या प्रयत्नात पकडले आणि दहा मिनिटे चालू ठेवले. मॅनिफोल्डच्या बाजूने फुसफुस अजिबात नाही.

आटेमापक

अप्रतिम! इंजिन पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा एकदा तपासा. नवी गॅस्केट पहिल्या उष्णतेत दबते आणि नट थोडे सैल पडतात. त्यानंतर आणखी एकदा गरम-थंड झाल्यावरही पाहा.

निळी सेडान

पहिल्या वेळी मधले दोन नट जवळपास पाव फेरा फिरले, तेव्हा कुठे क्लिक झाले. काल गाडी पुन्हा वीस मिनिटे चालवली, रात्रभर थंड होऊ दिली आणि आज सकाळी तपासले. आठही नट २२ वर लगेच क्लिक झाले, एकही हलला नाही.